आधी पाना, मग पिकअप : घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटारची सुधारणा

इलेक्ट्रिक गिटारला आज जो घाट आहे तो बराचसा लिओ फेंडरने दिला, आणि लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. तो रेडिओ दुरुस्त करायचा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन या संत्र्यांच्या बागांमधल्या गावात १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आसपासचे वादक बिघडलेले अँप्लिफायर घेऊन यायचे आणि बसल्या बसल्या वाद्याच्या तक्रारीही सांगायचे. त्या ऐकून त्याने १९५० च्या सुमारास जी गिटार बाजारात आणली तिची बॉडी म्हणजे लाकडाचा सपाट ठोकळा होता, मान चार स्क्रूंनी जोडलेली होती आणि वायरिंग पत्र्याच्या एका पट्टीखाली होतं. पट्टीचे दोन स्क्रू काढले की सगळं उघडं. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्येही तेच तत्त्व राहिलं. आज दहा हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या बऱ्याच गिटारी या स्ट्रॅटोकास्टरच्याच नकला असतात. हे वाद्य मेकॅनिकच्या हातून घडलेलं आहे, आणि जिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा हात आहे तिथे ते सुधारताही येतं.

हे मी जानेफळसारख्या गावाकडे बघून लिहितो आहे. बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातलं हे मोठं गाव. ऑनलाइन मागवलेली गिटार कुरिअरने इथे आज सहज येते, पण तिच्यातलं बारीक काम जाणणारा कारागीर हवा असेल तर अकोला, छत्रपती संभाजीनगर नाहीतर थेट पुणे-मुंबईकडे बघावं लागतं. जाण्या-येण्याचा खर्च आणि मजुरी धरली तर स्वस्त गिटारच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो. मग वाद्य तसंच वाजवलं जातं. तारा बोटांना कापतात, सूर लागत नाही, अँप्लिफायर भुणभुणतो, आणि वर्षभरात गिटार खुंटीला लागते. पोराला वाटतं आपल्याला जमत नाही. माझं ठाम मत आहे की यातल्या निम्म्याहून अधिक पोरांचा दोष नसतो. गिटार खोक्यातून निघाली तेव्हा वाजवण्याच्या अवस्थेतच नव्हती.

वाद्य आणलं की ते आपल्या हाताने वाजतं करायचं, ही रीत आपल्याकडे नवी नाही. पंढरपूरहून शेगावला परतणारी श्री गजानन महाराजांची पालखी मेहकर, जानेफळ, खामगाव अशी येते तेव्हा दिंडीतला पखवाजवाला धुमाला कणीक लावताना दिसतो. किती लावायची, केव्हा खरवडायची हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कारागिरीचा गाभा म्हणजे जवारी काढणं : घोडीचा माथा कानशीने इतका बारीक घासायचा की तार त्यावर नेमकी झंकारावी. गिटारच्या नटवर आणि फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, होणारं काम जातकुळीने तेच आहे, फक्त हेतू उलटा. तंबोऱ्यात तार पृष्ठभागाला चाटून जावी म्हणून घासतात, गिटारमध्ये ती कुठेही चाटू नये म्हणून.

आणि इलेक्ट्रिक गिटारचा सख्खा नातेवाईक तर आपल्या लग्नांत, जयंतीच्या मिरवणुकीत, गणपतीत कित्येक वर्षं वाजतो आहे : बेंजो. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा लावलेलं तारवाद्य बनवलं, ताइशोगोतो. ते आपल्याकडे आलं, बुलबुल तरंग म्हणून ओळखलं जाऊ लागलं, आणि महाराष्ट्रात बेंजो झालं. पुढे त्याच्या पोलादी तारांखाली पिकअप बसला, बाजूला व्हॉल्यूम आणि टोनची बटणं आली, आणि ते लाउडस्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहिलं. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये याच वादकांवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला. चुंबक, त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी, वर पोलादी तार : बेंजो आणि गिटार दोन्हींचं विद्युत गणित एकच. म्हणून गिटारच्या वायरिंगमध्ये अडलात तर आधी जवळच्या बेंजो पार्टीतल्या वादकाला विचारा. मिरवणुकीत ऐन वेळी तुटलेली वायर जोडलेला तो माणूस इंटरनेटवरच्या दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कामाचा ठरतो.

स्वतःची गिटार स्वतः घडवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. ती थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपल्याकडे मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी फिल्मी गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून लोकप्रिय केली. त्यांची आठ तारांची गिटार त्यांनी स्वतः आखलेली होती. अमेरिकेत एडी व्हॅन हॅलनने १९७०च्या दशकात हलक्या प्रतीची स्वस्त बॉडी आणि सुटी मान घेतली, गिब्सनच्या जुन्या गिटारमधला पिकअप काढून तिच्यात बसवला, तो शिट्टी मारू नये म्हणून मेणात बुडवला, आणि एकच बटण ठेवलं. इंग्लंडच्या ब्रायन मेचं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं. १९६३ मध्ये शाळकरी ब्रायनने वडील हॅरॉल्ड यांच्यासोबत घरातच गिटार बांधायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून काढली, बॉडीत जुन्या टेबलाचं ओक लाकूड वापरलं, कंपनाच्या दांडीखाली जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या, फ्रेटबोर्डवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्यांच्या गुंड्यांच्या. पिकअपही त्याने आधी स्वतः गुंडाळले होते; ते मनासारखे वाजेनात तेव्हा ते बाजूला ठेवून त्याने बर्न्स कंपनीचे विकत घेतले. पुढे क्वीन या बँडमध्ये मुख्यतः तीच गिटार त्याने वाजवली. या लोकांना आपल्या वाद्याची तक्रार नेमकी ठाऊक होती आणि त्यांनी तेवढीच दूर केली. ‘अपग्रेड’ म्हणून दुकानातला सुटा भाग आणून लावणं ही वेगळी गोष्ट, आणि आपल्याकडे पैसा बहुधा तिथेच वाया जातो.

सुरुवात मानेपासून करायची. दहा नंबरच्या संचातल्या सहा तारा सुरात लावल्या की मानेवर चाळीस किलोहून अधिक ओढ येते. ती पेलायला मानेच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. मान अगदी सरळही नको, फार बाकदारही नको. पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी जाड तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. ही फट डोळ्याने ठरवू नका. मोटरसायकलचा टॅपेट सेट करणाऱ्या प्रत्येक मेकॅनिककडे फिलर गेज असतो. त्यातली योग्य पात घालून मोजा. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळा, तारा पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. पाव फेऱ्याच्या वर एका दमात जायचं नाही. पाना जड वाटू लागला तर तिथेच थांबायचं. ट्रस रॉड तुटला तर त्या गिटारची दुरुस्ती गिटारपेक्षा महाग पडते.

बुलडाणा जिल्ह्यात हे काम एकदा करून भागत नाही. वैशाखात हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेने बाहेर येऊन हाताला खरचटू लागतात. आषाढ-श्रावणात तेच लाकूड दमट हवा पिऊन फुगतं. मानेचा बाक दोन्ही वेळा थोडा बदलतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि पाऊस स्थिरावल्यावर एकदा मोजून घेतलं की वर्ष निभावतं. पत्र्याच्या खोलीत, पत्र्याला लागून गिटार टांगू नये. दुपारच्या उन्हात तिथे होणारा ताप मानेचं लाकूडही सोसत नाही आणि चिकटवलेले सांधेही.

मान झाली की ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पोलादी पट्टीने मोजा; दीड ते दोन मिलिमीटरमध्ये बहुतेकांना सोयीची वाटते. नव्या स्वस्त गिटारीत ही उंची अनेकदा याहून पुष्कळ जास्त असते, आणि बोटं कापण्याची तक्रार तिथूनच येते. प्रत्येक तारेच्या घोडीला दोन बारीक स्क्रू असतात, बहुधा दीड मिलिमीटरच्या आसपासच्या ॲलन चावीचे. मग सूर. बारावा फ्रेट दाबून वाजवलेला स्वर आणि त्याच जागी बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर मोबाइलच्या ट्यूनरवर एकसारखा यायला हवा. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी मागे सरकवून तारेची लांबी वाढवायची, उतरा असेल तर पुढे आणायची. सहा तारांचं हे काम एका निवांत दुपारी होतं आणि नव्या तारांच्या संचापलीकडे त्याला खर्च नाही. गिटारमध्ये याच्याइतका फरक घडवणारी दुसरी कोणतीही सुधारणा माझ्या पाहण्यात नाही.

नटचं काम मात्र हाताची परीक्षा घेतं. नट म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची सहा खाचांची पट्टी. स्वस्त गिटारीत ती पोकळ प्लॅस्टिकची असते आणि खाचा उथळ असतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर दाबताना तार जास्त ताणली जाऊन सूर चढतो. उघडी तार सुरात आणि पहिल्या फ्रेटवरचे कॉर्ड बेसूर, असं होत असेल तर दोष इथेच आहे. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा. पहिल्या फ्रेटच्या वर तार आणि धातू यांच्यात केसाएवढी फट राहिली पाहिजे. जास्त असेल तर खाच खोल करायची. त्यासाठीच्या मापाच्या कानशी येतात, पण महाग येतात. गावातल्या सोनाराकडे बारीक कानशींचा संच असतो आणि त्यातली गोल, निमुळती कानस पातळ तारा सोडून बाकीच्या खाचांना चालते. पातळ तारांसाठी घडी घातलेल्या बारीक पॉलिश पेपरची कड पुरते. कानस डोक्याच्या बाजूला किंचित उतरती धरायची, म्हणजे तार फ्रेटबोर्डच्या बाजूच्या कडेवर टेकते. उलट झालं तर तार खाचेत झणझणते. दोन हात फिरवायचे, तार बसवायची, फट बघायची, पुन्हा दोन हात. खाच गरजेपेक्षा खोल गेली तर तिच्यात चिमूटभर खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब सोडतात. तो क्षणात दगडासारखा कडक होतो आणि पुन्हा घासता येतो. शेवटी खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं फिरवलं की तार अडकत नाही. कंपनाची दांडी वापरल्यावर गिटार बेसूर होते त्याचं कारण बऱ्याचदा खुंट्यांमध्ये नसून या खाचांमध्ये असतं, आणि लोक महागड्या लॉकिंग खुंट्या आणून बसतात.

फ्रेटची बाहेर आलेली टोकं घरी गोल करता येतात. फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप लावायची, सपाट कानस तिरकी धरून कडा मोडायच्या, शेवटी बारीक पॉलिश पेपर. पण सगळे फ्रेट एका पातळीत घासण्याचं काम पहिल्यांदा आपल्या चांगल्या गिटारवर करू नये. धातू एकदा गेला की परत येत नाही. मोडकी, टाकून दिलेली मान कुठे मिळाली तर तिच्यावर हात बसवावा. सपाटपणा कशाला म्हणतात हे सुताराला कळतं. त्याला सोबत घ्यावं.

लाकडावर गिटारवाल्यांमध्ये जेवढा वाद होतो तेवढा दुसऱ्या कशावरही होत नसेल. फेंडरने ॲश आणि ॲल्डर ही लाकडं वापरली, ती मिळायला सोपी आणि परवडणारी होती म्हणून. डॅनइलेक्ट्रो कंपनीने १९५०च्या दशकात हार्डबोर्डच्या बॉडी केल्या आणि त्या गिटारी आजही लोक मानाने वाजवतात. नॅशव्हिलच्या जिम लिल या वादकाने तर बॉडी आणि मान दोन्ही काढून टाकून, दोन आधारांमध्ये नुसत्या तारा ताणून त्याखाली पिकअप लावला आणि आवाज भरीव गिटारच्या किती जवळ येतो ते ऐकवलं. भरीव बॉडीच्या गिटारमध्ये आवाज मुख्यतः तार, पिकअप, त्याची जागा आणि अँप्लिफायर ठरवतात, या बाजूला मी आहे. गावच्या सुताराकडून सागाची बॉडी करून घ्यायची हौस असेल तर जरूर घ्या, पण ती वजन, घाट आणि देखणेपणासाठी. फ्रेटबोर्डच्या शिसमाची गोष्ट वेगळी आहे. जगभरच्या गिटारींच्या फ्रेटबोर्डवर भारतीय शिसम असतो. २०१७ मध्ये त्या वंशाची झाडं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या बंधनाखाली आली तेव्हा मोठ्या कंपन्यांनी पर्यायी लाकडं शोधली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. आपल्या गिटारवर शिसम असेल तर वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, फ्रेटबोर्डला जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि लगेच पुसून घ्यावा. तेलाची चिंधी चोळामोळा करून टाकू नये, पसरून वाळवावी. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि अशा चिंध्या आपोआप पेट घेतात.

आता वायरिंग. गिटारच्या पोटात मोजक्या वस्तू असतात : पिकअप, व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट, एक कपॅसिटर, निवड करणारा स्विच आणि जॅक. रेडिओ उघडलेल्याला यात नवं काहीच नाही. सिंगल कॉइल पिकअपसाठी २५० किलोओहमचे पॉट लावतात, दोन कॉइलच्या हंबकरसाठी ५००चे. जास्त ओहमचा पॉट आवाज उजळ ठेवतो, कमी ओहमचा मऊ करतो. टोनचा कपॅसिटर ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा असतो. बाजारात जुन्या तऱ्हेचे, तेलात भिजवलेले, शेकडो-हजारो रुपयांचे कपॅसिटर विकतात. टोनच्या बटणासाठी मोजून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा साधा पॉलिस्टर कपॅसिटर लावला तर कानाला फरक पडत नाही, आणि तो चहाच्या पैशात मिळतो. बटण फिरवताना खरखर होत असेल तर पॉट बदलण्याआधी त्यात काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून तो वीस-पंचवीस वेळा फिरवा. आवाज मध्येच जातो-येतो ही तक्रार दहातल्या आठ वेळा जॅकच्या सैल नटमुळे असते.

करण्याजोगी एक स्वस्त सुधारणा म्हणजे व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज घुसमटतो तो थांबवणं. लांब केबलला स्वतःची कपॅसिटन्स असते, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, आणि व्हॉल्यूम खाली आणला की वरचे स्वर तिच्यात जिरतात. व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकांमध्ये १००० पिकोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर जोडला की धार टिकते. सोल्डरिंग करताना दोन गोष्टी पाळाव्यात. वायर सोडवण्याआधी मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून ठेवावा. आणि पॉटच्या पाठीवर अर्थची वायर जोडताना २५ वॅटची आयर्न तासभर टेकवून पॉटच्या आतली पट्टी जाळू नये. पाठ पॉलिश पेपरने खरवडायची, थोडी पेस्ट लावायची, जास्त वॅटची आयर्न घेऊन दोन-तीन सेकंदांत सोल्डर बसवून उचलायची.

पिकअप बदलणं या सगळ्यानंतर येतं. त्याआधी एक फुकटचा प्रयोग : पिकअपच्या बाजूचे स्क्रू फिरवून त्याची तारेपासूनची उंची बदला. जवळ आणला की आवाज जोरकस होतो, फार जवळ आणला तर चुंबक तारेलाच ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर थरथरतो. शेवटचा फ्रेट दाबून दोन-अडीच मिलिमीटरपासून सुरुवात करावी आणि पाव पाव फेऱ्याने ऐकत जावं. पुष्कळांची ‘पिकअप हलका आहे’ ही तक्रार इथेच मिटते. तरीही बदलायचा असेल तर नेमकं काय खटकतं ते शब्दांत मांडा. भुणभुण खटकत असेल तर दोन कॉइलचा हंबकर घ्या. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तो बनवला, आणि त्यातल्या दोन उलट गुंडाळ्या विजेची भुणभुण एकमेकींत विरवून टाकतात. आवाज कर्कश वाटत असेल तर आधी चांगल्या अँप्लिफायरवर वाजवून बघा. लहान स्पीकरच्या स्वस्त अँप्लिफायरला चार हजारांचा पिकअप जोडून काही हाती लागत नाही.

पिकअप घरी गुंडाळता येतो का? येतो. विदर्भात शेतीपंपांच्या मोटारी जळतात, त्यामुळे मोठ्या गावांत रिवाइंडिंगचं दुकान असतं आणि तिथे फेरे मोजणारं यंत्रही असतं. अडचण तारेची आहे. पिकअपची इनॅमल तार ४२ गेजची, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाड, केसाएवढी बारीक; पंपाच्या मोटारीची तार तिच्यापुढे दोरखंड. सिंगल कॉइलला असे सुमारे आठ हजार फेरे लागतात आणि मीटरवर सहा किलोओहमच्या आसपास रोध यावा लागतो. हाताचा ताण जरा वाढला की तार तुटते. ज्याला बंद पडलेला पिकअप जिवंत करायचा आहे त्याने हे अवश्य करावं. पैसे वाचतील म्हणून करू नये. गुंडाळून झाल्यावर तो मेणात बुडवतात, म्हणजे मोठ्या आवाजात फेरे हलून शिट्टी येत नाही. मेणाचं भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं, तापमान ६५ अंशांच्या आसपास राखायचं, आणि मेण थेट गॅसवर कधीही ठेवायचं नाही. ते भडकतं.

राहिली भुणभुण. हिचं निदान सोपं आहे. तारांना हात लावला की भुणभुण कमी होत असेल तर गिटारच्या पोटाला आडोसा हवा आहे. आतल्या पोकळीला आणि वरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीच्या पाठीला तांब्याची चिकटपट्टी लावायची, सगळे तुकडे एकमेकांना जोडले गेलेत का ते मल्टिमीटरने तपासायचं आणि एक वायर अर्थला सोल्डर करायची. हात लावूनही भुणभुण तशीच राहिली आणि गिटार वळवली की कमी-जास्त होत असेल तर ती जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची आहे. तांब्याने ती थांबत नाही. अँप्लिफायर आणि इन्व्हर्टरपासून दोन पावलं दूर बसल्याने थांबते. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर वाजवलं तर अँप्लिफायर करवतीसारखा करकरतो. तिथे गिटारचा दोष शोधण्यात वेळ घालवू नये.

आणि हात लावल्यावर भुणभुण वाढत असेल, किंवा बोटांना मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर गिटार लगेच खाली ठेवा आणि अँप्लिफायरचा प्लग काढा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून अँप्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. घराला अर्थिंग नसेल आणि अँप्लिफायरच्या आत बिघाड झाला तर मेनची वीज थेट त्या तारांवर येते. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात, मंचावर, अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लावताच गेला. यार्डबर्ड्स या बँडचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरात गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. भुणभुण थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढणारे किंवा दोन पिनांचं ॲडॉप्टर लावणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, हे करू नका.

खेड्यातल्या अनेक घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते. जिथे अर्थिंगचा खड्डा आहे तिथेही आपली काळी जमीन चैत्र-वैशाखात भेगा पडून कोरडी होते आणि खड्डा निकामी होतो. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालावं लागतं. परवानाधारक वायरमनला बोलवा, अर्थिंग मोजून घ्या, आणि मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. एका बऱ्या पिकअपच्या पैशात हे काम होतं आणि गिटारसोबत घरातला कूलर, मिक्सर आणि पाण्याची मोटारही त्याच्या संरक्षणाखाली येते. पिकअपसाठी पैसे जमवले असतील तर ते आधी इथे लावा.